जाईबाईची पट्टी

गिटारीचा ब्रिज उचलला गेला. नांगी वर केलेल्या विंचवासारखा मागून उठला आणि तसाच राहिला. प्रेमानंदनं गिटार मांडीवर आडवी घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि एक शिवी हासडली.

शिवी तारांना होती. तारा क्षमानं मोबाइलवरून मागवलेल्या. क्षमा त्याची धाकटी लेक, धाराशिवलाच कॉलेजात शिकवणारी. जाड तार टिकते, पटकन तुटत नाही, म्हणून पोरीनं बापासाठी तिथला सगळ्यात जाड सेट निवडला. आणि ही गिटार जन्मभर बारीक तारांवर जगलेली.

ज्यांनी असली गिटार हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगायला पाहिजे. हिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथं अडकवतात ती लोखंडी पट्टी, लाकडात खिळवलेला नसतो. तो तरंगता असतो. पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागच्या पोकळीतून स्प्रिंगा ओढतात. दोन्हीकडची ओढ बरोबरीची झाली की तो सपाट बसतो. त्याला एक दांडी असते. दांडी दाबली की सगळे सूर एकदम खाली झुकतात, सोडली की जागेवर येतात. प्रेमानंद ज्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत ही गिटार वाजवायचा, त्या आबारावांकडं त्याला लहर म्हणायचे. पण तार जाड झाली की त्याच सुराला चढवायला ओढ जास्त लागते, स्प्रिंगांचं काही चालत नाही, आणि ब्रिज उठून बसतो. मग पहिली तार लावावी तर सहावी उतरते, सहावी चढवावी तर पहिली बेसूर. भांडखोर भावकीसारखं, एकाची समजूत काढली की दुसरा रुसलाच.

प्रेमानंद एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला. गाड्यांच्या कमानपाट्यांखाली उताणं पडून ज्याची उमर गेली, त्याला दोन बोटांच्या स्प्रिंगांनी काय दाद द्यायची नाही? त्यानं मागची झाकणी उघडली. आत तीन स्प्रिंगा, त्या धरून ठेवणारा लोखंडी पंजा, आणि पंजा लाकडात आवळणारे दोन लांब स्क्रू. गिटारीच्या खोक्यात दोन जादा स्प्रिंगा पडून होत्या, त्याही अडकवल्या. झाल्या पाच. मग स्क्रू आवळायला बसला. तारा लाव, बघ, आवळ, परत लाव. दुपार गेली. शेवटी ब्रिज बसला, पण असा बसला की दांडी दाबायला मनगट दुखावं. तारा तुरुंगाच्या गजांसारख्या ताठ.

क्षमानं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, एक सूर खाली लावा ना. मानच तुटंल की तिची."

"पार्टीची पट्टी हाय ती," प्रेमानंद म्हणाला. "ती खाली येत नसती."

पट्टी म्हणजे गाणारा ज्या सुरावर पाय रोवून उभा राहतो तो सूर. आबाराव आणि पार्टीची पट्टी होती पांढरी चार. बाजाच्या पेटीवरची पांढरी चार नंबरची पट्टी. उंच. माइक बंद पडला तरी आवाज वस्तीच्या टोकाला, ओढ्यापलीकडं, गावात पोचला पाहिजे, असं आबाराव म्हणायचे. गावात म्हणजे त्या गावात, जिथल्या वेशीतून पार्टीची गाडी जाऊ द्यायचे नाहीत. गाडी बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून आमच्या बाजूला यायची. आणि एकदा गाणं सुरू झालं की तेच लोक अंधारात ट्रॅक्टरवर बसून ऐकायचे. सकाळी भेटले की तोंड फिरवायचे. कानांना विटाळ होत नाही, हे त्यांनी कुठल्या पोथीतून काढलं होतं कुणास ठाऊक.

अशा लोकांच्या छातीवर जाऊन आदळेल असा सूर आबारावांना पाहिजे होता. प्रेमानंदला ते पटायचं. अजून पटतं.

पार्टीत आधी बेंजो होता. शहरातल्या पार्ट्यांनी गिटार घेतली तसं आबारावांनी मनावर घेतलं, आणि सोलापूरच्या एका बँडवाल्याकडून ही लाल गिटार उचलून आणली. डेपोत नवीनच चिकटलेल्या प्रेमानंदच्या हातात ठेवली आणि म्हणाले, वाजीव. शिकवायला कुणी नव्हतं. प्रेमानंद ऐकून ऐकून शिकला, आणि शिकला ते एकाच जागेवरचं. मोकळ्या तारा आणि मानेवरची पहिली तीन घरं, बस. दुसरा कुणी असता तर पट्टी बदलली की हात वर सरकवला असता. प्रेमानंदनं हात तिथंच ठेवला आणि सगळी गिटारच चढवून पांढरी चारला नेली. अडाणीपणा म्हणा. पण हाच अडाणीपणा पार्टीचा थाट झाला. मोकळ्या तारा घुमायच्या, तसा घुमारा शहरातल्या पोरांच्या गिटारीला नव्हता. प्रोग्रामच्या आधी प्रेमानंद स्टेजच्या मागं बसायचा, झाकणी उघडायचा, स्क्रू जरा आवळायचा, आणि आबाराव पेटीवर बोट ठेवून डोळे मिटून ऐकायचे. "जरा वर. आजून जरा. हां."

आणि मग जाईबाई. आबारावांची बायको. हिरवं लुगडं, हातात काही नाही, नुसती उभी. प्रेमानंद दांडी दाबायचा, सूर खाली झुकायचा, तो परत वर येता येता जाईबाई त्याच्यावर स्वार व्हायची आणि जी वर जायची ती जायचीच. तेरखेड्याला एकदा फटाक्याच्या कारखान्यातल्या बायाबापड्यांनी जयंतीला आभाळात बाण सोडले. वर जाऊन फुटणारे. त्या आवाजातही जाईबाईचा वरचा सूर ऐकू आला होता. खाली उतरल्यावर एक म्हातारा तिच्या पायाशी वाकायला लागला, तर ती लाजून मागं सरली, काही बोलली नाही. ती बोलायचीच नाही फारशी. लोक म्हणायचे, आबारावांची मंडळी लई शांत. लाखात एक.

नंतर डीजे आला. एका ट्रॉलीवर भिंतीएवढे खोके, आणि खोक्यांपुढं आपलीच पोरं, डोळे तांबारलेले. ज्यानं पुस्तकं वाचायला सांगितली त्याच्या जयंतीला कानाचे पडदे फाटेपर्यंत नाचायचं. याला कुणी बोललं की तो गद्दार. पार्टीला बोलवणं बंद झालं. आबारावांनी पेटीवर चादर टाकली. प्रेमानंदनं गिटार माळ्यावर टाकली. गेल्या दिवाळीत आबाराव गेले.

आणि चैत्र लागल्यावर येरमाळ्याहून जाईबाईचा फोन आला. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. जयंती झाली की सोलापूरला ऑपरेशन. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, आवाज राहील न राहील. "तवा ह्या जयंतीला म्या गाणार हाय," ती म्हणाली. "एकच. त्यांचं उंबऱ्याचं गाणं. गिटार काढ, प्रेमा."

प्रेमानंदनं फोन ठेवला आणि डोळे पुसले. एका संध्याकाळपुरती पार्टी परत उभी राहणार होती. तशीच्या तशी. तशीच्या तशी पाहिजे म्हणून तर तो त्या जाड तारांशी दुपारभर झुंजला.

यात्रेचे दिवस. येरमाळ्याची गाडी येडेश्वरीच्या माणसांनी गच्च. गिटार डोक्यावर धरून प्रेमानंद उभ्यानं गेला. कंडक्टर डेपोतला ओळखीचा, त्यानं विचारलं की ह्या वयात ऑर्केस्ट्रा का. प्रेमानंद म्हणाला, ऑर्केस्ट्रा न्हाई, पार्टी.

जाईबाईचं घर हायवेच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड. शेडमध्ये तिचा पुतण्या अमरदीप ढोलकी घेऊन बसलेला. अमरदीप जयंती कमिटीचा अध्यक्ष. डीजेही त्यानंच ठरवला होता आणि काकूला दहा मिनिटंही त्यानंच दिली होती, मिरवणूक निघायच्या आधी. एका अंगावर दोन्ही झुली. पण ढोलकीला हात बरा होता, बापाचा उतरलेला.

"जय भीम, वहिनी."

"जय भीम. बारीक झालास रे."

ती मात्र बारीक नव्हती, सुकली होती. गळ्याला रुमाल बांधलेला. पेटीवरची चादर तिनं स्वतः काढली, पांढरी चारवर बोट ठेवलं, भाता हलवला. तोच सूर. प्रेमानंदच्या अंगावर काटा आला. त्यानं गिटार लावली. धाराशिवहून इथपर्यंत आली तरी तार हलली नव्हती. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दांडी दाबली. सूर झुकला, परत आला, आणि जाईबाईनं तोंड उघडलं.

पहिली ओळ निघाली. दुसरीला चढायची वेळ आली आणि आवाज मध्येच चिरला. तिनं हात केला, परत. परत तिथंच चिरला. तिसऱ्यांदा चढली ती खोकतच बसली. अमरदीपनं ढोलकीवरचे हात काढून घेतले आणि शेडबाहेर बघत राहिला.

प्रेमानंदनं समजूत घातली. गळा तापलेला नाही, बसून गाताय, उभं राहा, गरम पाणी घ्या. मग म्हणाला, "तेरखेड्याला कसा लावला व्हता वहिनी. तसा एकदा लागू द्या. लागंल."

जाईबाईनं रुमालानं तोंड पुसलं. पाणी प्यायली. भांडं खाली ठेवलं.

"प्रेमा," ती म्हणाली, "ती पट्टी त्यांची व्हती. माझी कवाच नव्हती."

प्रेमानंदला आधी कळलं नाही. मग ती सांगत गेली. रागात नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. माहेरी ती खाली गायची. वस्तीतल्या बाया काम सोडून ऐकायच्या असा भरलेला आवाज. लग्न झाल्यावर आबाराव म्हणाले, बाईनं खाली गायलं की बाप्या गातोय असं वाटतं, बाईचा आवाज चढाच पाहिजे. आणि दोघांना मिळून गायचं, तर पेटी एक, पट्टी एक, ती त्यांची. त्या पट्टीत आबाराव सुखानं गायचे. जाईबाईला मात्र त्यांच्याही वर, शेंड्याला लटकावं लागायचं. प्रोग्राम झाला की हळद-मिठाच्या गुळण्या. थुंकीत कधी तांबडं दिसायचं. मग तीन-तीन दिवस शब्द फुटायचा नाही. तोवर दुसरा प्रोग्राम यायचा.

"मग तवा बोलला का न्हाई?" प्रेमानंदनं विचारलं. आवाजात जरा फणकारा होता. मेलेल्या माणसाबद्दल असलं ऐकायला तो एवढ्या गर्दीतून उभ्यानं आला नव्हता.

"कशानं बोलू? आवाज कुठं असायचा?"

शेडच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. अमरदीप ढोलकीची दोरी उगाच सोडून परत बांधायला लागला.

लई शांत. लाखात एक. प्रेमानंदही तेच म्हणायचा, घरी आपल्या बायकोला म्हणायचा, जाईवहिनीकडून शिक जरा. माणसं काय काय म्हणतात आणि कशाच्या जोरावर म्हणतात. ज्या पार्टीनं गावाला माणसाची किंमत ओरडून सांगितली, तिच्या स्टेजवर एका बाईचा गळा रोज सोलला जात होता. ओरडणाऱ्यांत एकालाही ते ऐकू आलं नाही. वेशीबाहेरून वळसा घालायला लावणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आपल्या मांडवाखालचं बघायला जास्त छाती लागते, आणि ती आमच्यातल्या भल्याभल्यांना नाही. आबाराव देवमाणूस होते. देवमाणसं घरात अशीच असतात.

"किती खाली घेऊ?" प्रेमानंदनं विचारलं.

"घे तर. म्या सांगती कुठं थांबायचं."

पेटीला पट्टी बदलायला काय लागतं? बोट उचलायचं, दुसरीकडं ठेवायचं. जाईबाईनं क्षणात केलं. प्रेमानंदची गोष्ट वेगळी. अमरदीप म्हणाला, काका, हात सरकवून वाजवा की. प्रेमानंदनं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. मोकळ्या तारांच्या खाली हात सरकत नाही. आणि वर सरकवायला ह्या उमरीत नवीन बोटं आणायची कुठून? गिटारच उतरवायला पाहिजे होती.

त्यानं खुंट्या ढिल्या केल्या. तारा सैलावल्या आणि आता नेमकं उलटं झालं. पाच स्प्रिंगांना मोकळं रान मिळालं. ब्रिज मागं बसला, पोटात गेला, तारा मानेवरच्या लोखंडी पट्ट्यांना टेकल्या. छेडलं की मोहोळ उठल्यासारखा खरखराट. त्यानं झाकणी उघडली. जादा लावलेल्या दोन स्प्रिंगा पकडीनं ओढून काढल्या. स्क्रू अर्धा फिरवला. तारा लावल्या, बघितलं. आणखी अर्धा.

"आजून खाली," जाईबाई म्हणाली.

पुन्हा तारा, पुन्हा स्क्रू. घाई केली की बिघडतं. एक स्क्रू जास्त सोडला की पंजा तिरका होतो. घरी हेच काम त्यानं नुसतं बळ लावून केलं होतं, डेपोत जाम झालेला नट उघडावा तसं. इथं बळाचं काम नव्हतं. अर्धा आटा, सहा तारा, थांब, ऐक. जाईबाई भाता हलवत सूर देत बसली. चहा झाला. ती सांगत होती, आबाराव रात्री उठून ओळी कशा जुळवायचे, कंदिलाची काच काळी व्हायची तरी कळायचं नाही. एकदा गाडी चिखलात रुतली तर त्यांनी धक्का मारणाऱ्यांना ठेका धरून दिला. सांगताना ती हसत होती. प्रेमानंदला ते जास्त लागलं. रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिला तो माणूस आवडत होता, आणि त्यानं गळा सोलला होता, आणि ह्या दोन्ही गोष्टी तिच्याजवळ एकाच ताटात होत्या.

आणि स्क्रू? ते तर प्रेमानंदनंच आवळले होते. जरा वर, आजून जरा, हां. आवळताना त्याला वाटायचं, आपण पार्टी वर नेतोय. आता उलटा फिरवताना तो अर्ध्यावरच थांबला. त्यानं हात पँटला पुसला.

"आजून?"

"आजून येक."

काळी एक, पेटीवरची पहिली काळी पट्टी. चार सूर खाली. बारीक तारा असत्या तर इथं दोरीसारख्या लोंबल्या असत्या. ह्या जाड तारा मात्र सुखानं बसल्या. ब्रिज सपाट. प्रेमानंदनं दांडी दाबली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा एवढ्याच जोरानं. सूर झुकला, तळाला गेला, आणि डुलत डुलत परत आला. एवढी मोठी लहर ह्या गिटारीतून त्यानं कधी ऐकली नव्हती.

जाईबाई गायली. बसूनच. भरलेला, जरा घोगरा, जमिनीला धरून चालणारा आवाज. दुसरी ओळ चढली आणि काहीच चिरलं नाही. *उंबऱ्यात माझ्या उजेड पडला, तुझ्या अक्षराचा, भीमा.* प्रेमानंदनं हे गाणं हजारदा वाजवलं असेल. त्याला शब्द पाठ होते. पण ते तो पाठ म्हणूनच ओळखत होता. वर गेलेल्या आवाजात शब्द कधी उरायचेच नाहीत, नुसता बाण उरायचा. आज उंबरा दिसला. उंबऱ्यात बसलेली, पाटी मांडीवर घेतलेली बाई दिसली.

गाणं संपल्यावर अमरदीप चुळबुळला. "काकू, भारी झालं. पण एवढं खाली? पब्लिक म्हणंल, आवाज गेला."

"म्हणू दे. तुझ्या डीजेपुढं कुनाचा आवाज गेला न् कुनाचा राहिला, कळतंय व्हय तुला?"

अमरदीप हसला, मान खाली घालून.

जयंतीला संध्याकाळी वस्तीच्या मैदानात निळ्या पताका लागल्या. पाठीमागं ट्रॉलीवर खोक्यांची भिंत, तिच्यावर ताडपत्री. स्टेजसमोर सतरंजीवर म्हातारे-म्हाताऱ्या, आणि कडेला नाचायला आलेली पोरं, मोबाइलमध्ये डोकं घालून. क्षमा धाराशिवहून आली होती. अमरदीपनं माइकवरून सांगितलं, आबाराव आणि पार्टी. प्रेमानंद पुढं झाला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. अमरदीपनं एकदा काकूकडं बघितलं आणि परत माइक तोंडाला लावला. "जाईबाई आणि पार्टी."

सतरंजीवर कुजबुज झाली. काहींना आवडलं नाही. जाईबाईनंही वळून प्रेमानंदकडं बघितलं, आणि ते बघणं काही आभाराचं नव्हतं. न विचारता केलंस, असं ते होतं. प्रेमानंदनं नजर चुकवली आणि दांडी दाबली.

ती गायली. लोक पहिल्या ओळीला वाट बघत होते, आता जाईल वर, आता जाईल. ती गेली नाही. पुढचा एक म्हातारा मान हलवायला लागला, नाही-नाही अशी. तेरखेड्याचाच होता तो, प्रेमानंदनं ओळखला. दुसऱ्या कडव्याला त्याची मान थांबली. पोरांतल्या दोघा-तिघांनी मोबाइल खाली केले. मैदानात भारावून वगैरे कुणी गेलं नाही, खोटं कशाला बोला. एक लेकरू रडत होतं, मागं भेळवाल्याची घंटी चालू होती. पण शब्द न् शब्द पोचत होता. तिसऱ्या कडव्याला सतरंजीवरच्या बाया ओठ हलवायला लागल्या. त्यांना इतकी वर्षं ह्या गाण्यात शिरायला दारच नव्हतं. ह्या पट्टीत कुणीही बाई गाऊ शकत होती, आणि मग त्या गायल्याच. आधी दोघी, मग एक ओळ, मग सगळी सतरंजी.

प्रेमानंदला मध्येच पांढरी चारची आठवण आली. तो ताठ, लखलखीत सूर, पेटीवर डोळे मिटलेले आबाराव, ओढ्यापलीकडं अंधारात थिजलेले ट्रॅक्टर. ते दिवस त्याला परत पाहिजे होते, आताही, ह्या क्षणीही. आणि परत मिळाले असते तर त्यानं कुणालातरी त्यात परत शेंड्याला लटकवलं असतं. दोन्ही खरं होतं. बोटं आपल्या जागेवर चालत राहिली.

गाणं संपलं. तेरखेड्याचा म्हातारा स्टेजच्या कडेला आला, प्रेमानंदचा हात धरला आणि म्हणाला, आबाराव आज असायला पाहिजे होते.

"असते," प्रेमानंद म्हणाला, "तर वहिनींना हे गाता आलं नसतं."

म्हाताऱ्यानं हात सोडला. त्याला राग आला असावा. येऊ दे.

ट्रॉलीवरची ताडपत्री निघाली होती. डीजेवाला घड्याळाकडं बोट दाखवत होता, अमरदीप स्टेजच्या पायरीवर उभा राहून काकूला खुणावत होता. दहा मिनिटं संपली होती. जाईबाईनं त्याच्याकडं बघितलं, गळ्यावरचा रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"प्रेमा," ती म्हणाली, "ह्याच पट्टीत. दुसरं घे."